महास्फोट आणि ढापण्या

‘द बिग बँग थिअरी’ ही अमेरिकी मालिका 24 सप्टेंबर 2007 रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि बारा सीझन, 279 भाग चालून 16 मे 2019 रोजी संपली. पॅसाडिना गावातले चार संशोधक मित्र आणि त्यांतल्या दोघांच्या समोरच्या घरात राहायला आलेली पेनी, एवढ्यावर ती बारा वर्षं चालली. या चौघांना विश्वाचं गणित येतं, पण शेजारणीशी चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. मालिकेची विनोदाची जातकुळी सांगायला आपल्याकडे तयार शब्द आहेत: शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ. ‘सिटकॉम’ हे नाव ‘सिच्युएशन कॉमेडी’ आखडून झालेलं, म्हणजे नावापुरती ती प्रसंगनिष्ठ. खरं तर या चौघांतला शेल्डन कूपर नुसता सोफ्यावरच्या आपल्या ठरलेल्या जागेवर बसला तरी हसू येतं. याला स्वभावनिष्ठच म्हणावं लागेल.

मला आज विनोदाबद्दल बोलायचं नाही. मालिकेचं नाव आणि तिच्या नायकांना चिकटलेली बिरुदं यांच्या कुंडल्या मांडून बघायच्या आहेत. यातले बरेच शब्द सुरुवातीला कुणाला तरी कमी लेखण्यासाठी, निदान थोडंसं डिवचण्यासाठी वापरले गेले होते.

सुरुवात ‘बिग बँग’पासून. 28 मार्च 1949 रोजी केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल बीबीसी रेडिओवर बोलत होते. विश्व एका क्षणी सुरू झालं, ही कल्पना त्यांना मुळीच मान्य नव्हती. विश्वाला आरंभच नाही, असं सांगणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत त्यांनी आणि हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड यांनी आदल्याच वर्षी मांडला होता. पलीकडच्या पक्षाचं म्हणणं श्रोत्यांना सांगताना हॉइल यांनी त्याला ‘बिग बँग’ म्हटलं. ही टिंगल होती असं पुढे सगळ्यांनी धरून घेतलं. हॉइल मात्र म्हणत राहिले, की रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहावं एवढाच हेतू होता. हेतू काहीही असो, ज्या कल्पनेशी माणूस जन्मभर भांडला तिचं बारसं त्याच्याच हातून झालं. ती कल्पना ज्यांनी मांडली त्या बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी 1931 मध्ये ‘आदिम अणू’ अशी शब्दयोजना केली होती. ती आज कुणाच्या लक्षात नाही.

शास्त्रज्ञांना हे नाव कधीच फारसं आवडलं नाही. कारण साधं आहे: ते चुकीचं आहे. धमाका म्हटला की तो कुठेतरी होतो, आधीपासून असलेल्या मोकळ्या जागेत होतो आणि त्याचे तुकडे बाहेर फेकले जातात. विश्वारंभाच्या सिद्धांतात यातलं काहीच नाही. तिथे जागा स्वतःच प्रसरण पावते. तिला मध्य नाही आणि बाहेरही नाही. 1993 मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकाने नवं नाव सुचवण्याची स्पर्धाच लावली. परीक्षकांत कार्ल सेगन होते. 41 देशांतून 13,099 नावं आली. परीक्षकांनी ती सगळी वाचली आणि एकही पसंत पडलं नाही. जुनं नाव राहिलं.

आता आपला ‘महास्फोट’ बघू. हिंदीने ‘महाविस्फोट’ केलं, मराठीने ‘वि’ गाळला. वरवर पाहता शब्द ‘बिग बँग’ची सरळ नक्कल आहे, आणि बॉम्बस्फोट, सिलिंडरचा स्फोट हे रोज वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांपुढे धूर आणि काचाच येतात. पण शब्दाच्या मुळाशी जा. संस्कृतातला ‘स्फुट्’ हा धातू फुटणे एवढ्यावर थांबत नाही. उमलणे, स्पष्ट होणे हेही त्याचे अर्थ. ‘स्फुट’ म्हणजे स्पष्ट, उमललेलं. व्याकरणकारांनी तर ‘स्फोट’ या शब्दाला फार मोठ्या हुद्द्यावर बसवलं. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त स्फोट म्हणजे ध्वनी एकामागून एक कानावर पडत असताना मनात एकदम प्रकटणारा अखंड शब्दार्थ. तिथे काही मोडत नाही, काहीतरी कळतं.

मराठीने तर या धातूचं सोनं केलं. आपल्याकडे पालवी फुटते, कोंब फुटतो, पान्हा फुटतो, पाझर फुटतो. सोळाव्या वर्षी मुलाला कंठ फुटतो. पहाटे तांबडं फुटतं. कढईतली फोडणीसुद्धा याच घराण्यातली. या यादीत नासधूस कुठे आहे? प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुरू होतंय. म्हणून माझं मत असं, की हॉइल यांच्या इंग्रजी नावापेक्षा आपला ‘महास्फोट’ त्या सिद्धांताच्या जास्त जवळ जातो. बॉम्ब विसरून तांबडं फुटणं डोळ्यांसमोर आणलं म्हणजे झालं. शाळेत हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांनी फळ्यावर स्फोटाचं चित्र काढण्याऐवजी ही चार मराठी वाक्यं लिहावीत.

गंमत म्हणजे मराठी वाचकांना हा महास्फोट ज्यांनी सगळ्यात सोप्या भाषेत समजावला, त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसात वाढलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचेच विद्यार्थी होते. पुढे गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला आणि 1993 मध्ये जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिर स्थितीची सुधारलेली आवृत्तीही. पुण्याची ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था उभी करणाऱ्या नारळीकरांनी शंका कधीच सोडली नाही. 20 मे 2025 रोजी ते गेले. विरोधकाची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा माणूस एरवी आपल्याला कुठे भेटतो?

नावातला उरलेला शब्द ‘थिअरी’. ग्रीक ‘थेओरिआ’ म्हणजे पाहणं. ‘थेआ’ म्हणजे दृश्य, आणि त्यावरूनच ‘थिएटर’. म्हणजे थिअरी आणि थिएटर या सख्ख्या बहिणी. स्टुडिओत बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या मालिकेच्या नावात थिअरी असावी, हे योग्यच. अर्थाने तिचा जवळचा भाऊ शोधायचा तर ‘दर्शन’ आहे. सांख्य काय, वैशेषिक काय, विश्वाकडे बघण्याच्या त्या पद्धतीच. आपण मात्र ‘सिद्धांत’ निवडला. सिद्ध झालेला अंत, म्हणजे वादाचा शेवट. इंग्रजीत कुणी ‘ही तर नुसती थिअरी’ म्हणून हात झटकू शकतो आणि शेल्डनची देवभोळी आई उत्क्रांतीबद्दल थोडंफार तसंच करते. मराठीत ‘हा तर नुसता सिद्धांत’ म्हणून बघा, जीभ अडखळते.

आता नायकांची बिरुदं. ‘सायंटिस्ट’ हा शब्द फार जुना असेल असं वाटतं. नाही. 1833 मध्ये केंब्रिजला विद्वानांची सभा भरली असताना कवी कोलरिज यांनी तक्रार केली, की प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवून घेऊ नये. मग म्हणायचं काय? विल्यम ह्यूएल यांनी ‘आर्टिस्ट’च्या चालीवर ‘सायंटिस्ट’ सुचवलं. सभेला ते रुचलं नाही. 1834 मध्ये मेरी सोमरव्हिल यांच्या पुस्तकाच्या परीक्षणात ह्यूएल यांनी हा किस्सा थोड्या थट्टेच्या सुरात छापला, तोही निनावी. नाकं मुरडणं पुढे साठ वर्षं चाललं. टॉमस हक्सलींना तर हा शब्द ‘इलेक्ट्रोक्यूशन’इतकाच कर्कश वाटे. ‘फिजिसिस्ट’ हाही ह्यूएल यांचाच, आणि फॅरडेंना ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द सुचवणारेही तेच. शेल्डनने त्यांचा फोटो भिंतीवर लावायला हवा होता.

आपल्या ‘शास्त्रज्ञा’ला असं दारात ताटकळावं लागलं नाही. ‘शास्’ म्हणजे आज्ञा करणे, शिकवणे. शासन आणि शिष्य त्यातूनच आले. त्यामुळे मराठीत शास्त्राला आज्ञेचा वास आहे. लग्नात अंगठी कुठल्या बोटात घालायची हेही शास्त्र आणि ‘शास्त्र असतं ते!’ म्हटलं की प्रश्न संपला. मला वाटतं, शेल्डन हा दोन्ही अर्थांनी शास्त्रज्ञ आहे. सोफ्यावरची जागा ठरलेली, कुठल्या वारी काय खायचं ते ठरलेलं, पेनीचं दार तीन वेळा ठोठावून दर वेळी तिचं नाव घ्यायचं, घरात सोबत राहणाऱ्या लेनर्डशी कलमवार लेखी करार. हे सगळं शास्त्र असतं! ‘वैज्ञानिक’ या शब्दात ही छटा येत नाही, म्हणून तो अचूक असला तरी मला शेल्डनसाठी बेचव वाटतो.

या पात्रांच्या नावांमागेही हिशेब आहे. शेल्डन आणि लेनर्ड ही जोडी जुने दूरचित्रवाणी निर्माते शेल्डन लेनर्ड यांच्या नावावरून आली. लेनर्डचं हॉफस्टॅटर आणि शेल्डनचं कूपर ही भौतिकीतल्या नोबेल विजेत्यांची आडनावं, 1961 आणि 1972 ची. दिल्लीचा खगोलभौतिकीतज्ज्ञ मात्र राजेश रामायण कूथ्रपल्ली! ‘पल्ली’ दक्षिणेकडची वस्ती, घर दिल्लीचं आणि मधलं नाव आख्खं महाकाव्य. संहितेत जिथे विज्ञान लागेल तिथे लेखक जागा कोरी सोडत आणि लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे भौतिकीचे प्राध्यापक डेव्हिड सॉल्ट्झबर्ग ती भरत. फळ्यावरची समीकरणंसुद्धा खरी असत. नावासाठी एखाद्या भारतीयाला विचारायला काय हरकत होती?

आता शिव्यांकडे. ‘नर्ड’ हा शब्द छापील रूपात प्रथम दिसतो तो डॉ. स्यूस यांच्या 1950 च्या बालपुस्तकात, एका काल्पनिक प्राण्याचं नाव म्हणून. पुढच्याच वर्षी ‘न्यूजवीक’ने डेट्रॉइटच्या पोरांच्या बोलीतला शब्द म्हणून त्याची नोंद केली, अर्थ बावळट. प्राणी पोरांच्या तोंडी गेला, की दोघे वेगवेगळे जन्मले, यावर कोशकारांचं एकमत नाही. ‘गीक’ची कहाणी अधिक किळसवाणी. जर्मनिक बोलींतला ‘गेक’ म्हणजे मूर्ख. शेक्सपिअरने ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये तो वापरला आहे. विसाव्या शतकात अमेरिकी जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्याला ‘गीक’ म्हणू लागले. 1946 च्या ‘नाइटमेअर ॲली’ कादंबरीत तो भेटतो. तिथून हा शब्द संगणकवाल्यांच्या टीशर्टवर अभिमानाने छापला जाईपर्यंत पन्नासेक वर्षंच गेली. संगणकवाल्यांकडे पैसा आला नसता तर हे झालं नसतं, असं माझं रोखठोक मत आहे.

मराठीत अशा माणसाला काय म्हणावं? पहिला शब्द सुचतो ‘पढतमूर्ख’. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात समर्थांनी त्याची लक्षणं सांगायला अख्खा समास खर्ची घातला आहे. पण समर्थांचा राग आहे तो जाणूनसवरून भलतं वागणाऱ्यावर. शेल्डनला तर आपलं काही चुकतंय याचा पत्ताच नसतो. तेव्हा तो पढतमूर्ख नव्हे. ‘विक्षिप्त’ जास्त बसतो. मूळ अर्थ विखुरलेला, इकडेतिकडे फेकलेला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था येतात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त तिसरा! मूढाच्या वरची पायरी आणि एकाग्राच्या अगदी खालची. चित्त अधूनमधून स्थिरावतं, पुन्हा उडतं. आपण ज्याला ‘काय विक्षिप्त माणूस आहे’ म्हणून हिणवतो, त्याला भाष्यकारांनी एकाग्रतेच्या उंबरठ्यावर बसवून ठेवलंय.

राजेश, म्हणजे राज, मात्र विक्षिप्त नाही. तो बुजरा. बैल बुजतो, घोडा बुजतो, तसा तो बाई समोर आली की बुजतो. पोटात दारू गेल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. सहाव्या सीझनच्या शेवटी, 2013 मध्ये, त्याला एकदाची वाचा फुटली. पुन्हा तोच ‘स्फुट्’ धातू. आणि इंग्रजी ‘ऑकवर्ड’? जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘उलट्या दिशेला वळलेला’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला, म्हणजे त्यांच्या लेखी असा माणूस चुकीच्या दिशेला तोंड करून उभा असतो. आपल्या ‘अवघडलेल्या’ माणसाची दिशा बरोबर असते. फक्त मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय अवघडतो तसं त्याचं सगळं अंग आखडतं. मला आपलं निदान जास्त दयाळू वाटतं.

राहता राहिल्या शाळेतल्या शिव्या. घासू, पुस्तकी किडा आणि चष्मा लावणाऱ्याला ढापण्या. ‘ढापण’ म्हणजे जनावराने इकडेतिकडे बघू नये म्हणून डोळ्यांवर बांधायची झापड. चौघा मित्रांत चष्मा एकट्या लेनर्डला आहे, पण ढापण चौघांनाही आहे, असं म्हणता येईल. नर्ड आणि गीक टीशर्टवर पोचले, ढापण्या अजून वर्गातच आहे. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत अशा मुलाला आणखी कोणते शब्द वापरत, आणि त्यातला एखादा कुणी पुढे कौतुकाने वापरलेला ऐकला आहे का, ते जरूर लिहून पाठवा. ‘घासू’ आणि ‘ढापण्या’ यांच्या पलीकडची यादी मला हवी आहे.