अंबरनाथच्या लेखातील एक अंक

कल्याणच्या आग्नेयेस, वालधुनीच्या काठी, अंबरनाथाचे जे कोरीव शिवालय उभे आहे, त्याच्या उत्तर द्वारमंडपाच्या तुळईवर आतल्या अंगास एक संस्कृत लेख कोरलेला आहे. मुंबई सरकारने १८६८ साली या देवळाची रेखाटने व साचे करवून घेतले. त्याच सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचून त्याचा काळ शके ७८२ असा दिला, आणि पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखविले. दोनशे वर्षांचा हा फरक शतकस्थानच्या एका अंकाचा होता.

ज्यांनी झिजलेला शिलालेख जवळून पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. तेथे अंकाअंकांतील भेद एखाद्या वळणापुरता उरतो; शिवाय प्रकाश वरूनच येतो असे मनाने आधीच गृहीत धरलेले असल्यामुळे, खालून उजेड पडताच खाच उंचवट्यासारखी भासू लागते. म्हणून जाणकार दगडावर ओला कागद थापून ब्रशाने ठोकतात आणि तो सुकत आल्यावर त्यावर शाई फिरवतात. अक्षरे पांढरी राहतात, भोवताल काळा होतो, आणि उजेडाची फसवणूक टळते. परंतु झिजेने जे नेले ते ठशातही उतरत नाही. तेवढी उणीव मन आपल्या पूर्वज्ञानाने भरून काढते. पाहणे म्हणजे नकळत केलेले अनुमानच होय, हा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६०च्या दशकातच मांडला होता.

अंबरनाथच्या बाबतीत हे पूर्वज्ञान राजवंशाचे आहे. लेखातील मुम्मुणिराजा हा छित्तराजाचा धाकटा भाऊ, आणि छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा. तेव्हा शके ७८२ स्वीकारले, तर धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षे आधी राज्य करीत होता असे मानावे लागेल. हा क्रम एकदा मनात ठसला की तोच अस्पष्ट अंक नऊ म्हणून ओळखता येतो. भाऊ दाजींच्या विद्वत्तेला यामुळे बाध येतो असे मला मुळीच वाटत नाही. त्यांनी आधी वाचले, म्हणूनच पुढच्याला तपासता आले.

याच मुलखातील गद्धेगाळांकडे पाहिले म्हणजे या पूर्वज्ञानाची दुसरी बाजू दिसते. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली स्त्री व गाढव, अशी या शिळांची मांडणी. दान मोडणाऱ्यास दिलेली ती अभद्र शापवाणी. पण लेख झिजला, लिपी विस्मरणात गेली, आणि काही गावांत त्याच शिळेला शेंदूर लागून लोक तिला देवी म्हणून पुजू लागले. सूर्य-चंद्राखाली उभी असलेली स्त्री ज्याला ग्रामदेवतेच्या रूपातच परिचित, त्याने दुसरे काय ओळखावे? अशी शिळा हलवण्यापूर्वी संशोधकाने तिच्यावरील अक्षरांचा ठसा घ्यावाच, पण तिला कोण आणि केव्हापासून पुजते, हेही दप्तरी नोंदवून ठेवावे.