वृक्षपरागहंगाम, भिवंडी परिसर

झाडांचे पराग हवेत पसरण्याचा वार्षिक काळ. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीभोवती तो साधारणतः पानगळीपासून वळिवापर्यंत चालतो. पळस, पांगारा डोळ्यांत भरतात. पण त्यांचे परागवहन पक्षी करतात, त्यामुळे शिंकांचा दोष त्यांना देणे अन्यायाचे. वाऱ्यावर पराग सोडणारा वावळा मात्र निष्पर्ण फांद्यांवर, जानेवारी-फेब्रुवारीत, कोणाच्या लक्षात न येता फुलतो. त्याचे पराग भारतातील प्रमुख अॅलर्जीकारकांपैकी आहेत. सुरूही वायुपरागित.

समशीतोष्ण प्रदेशांत ऊबदार वसंतामुळे कळ्या लवकर उमलतात: उत्तर अमेरिकेत 1990 ते 2018 दरम्यान हंगाम सुमारे 20 दिवस अलीकडे सरकला, परागांचे प्रमाण 21 टक्क्यांनी वाढले. हे गणित कोकणपट्टीला जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे फुलोरा तापमानाबरोबरच जमिनीतील ओलावा, दिवसाची लांबी आणि लांबलेला पाऊस यांवरही ठरतो. कोरड्या उष्ण हवेत परागकोश लवकर फुटतात. पाऊस हवेतील पराग खाली आणतो.

यंत्रमागांच्या या गावात कापसाची धूळही श्वसनविकार घडवते. त्यामुळे परागांचा वाटा ठरवण्यासाठी हवेतील कण सापळ्यात पकडून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. असा सापळा शास्त्रज्ञ हर्स्ट यांनी 1952 मध्ये तयार केला.