संघराज्याचा प्रश्न आणि गोखले संस्थेचे व्यासपीठ

रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्या वार्षिक समारंभात २९ जानेवारी १९३९ रोजी मुंबई विधानसभेचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नियोजित संघराज्याची चिकित्सा केली. १९३५ च्या कायद्यानुसार संघीय विधानसभेतील ३७५ पैकी १२५ जागा संस्थानिकांनी नियुक्त केलेल्या प्रतिनिधींसाठी होत्या. असे संघराज्य स्वातंत्र्याच्या मार्गात अडसर ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. संघराज्याची ही योजना पुढे अमलात आली नाही. तथापि, ती विचाराधीन असतानाच तिची जाहीर चिकित्सा झाली, हे महत्त्वाचे होय. ज्ञानसंस्थेच्या लोकाभिमुखतेची कसोटी निर्णयापूर्वीच्या चर्चेतच लागते, हे यावरून स्पष्ट होते.