सिउराना
सिउराना : स्पेनच्या कॅटलोनियातील डोंगरी खेडे व चुनखडकावरील क्रीडा-प्रस्तरारोहणाचे जगप्रसिद्ध केंद्र. तारागोना प्रांतातील प्रिओरात भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३७ मी. उंचीवर ते कड्याच्या टोकाशी वसले आहे. वस्ती मोजक्या घरांची. कॅटलोनियातील मूरांचे हे शेवटचे ठाणे ११५३ च्या सुमारास पडले. त्यानंतर बांधलेले सांता मारिया हे रोमनेस्क शैलीतील चर्च आजही उभे आहे.

येथील चढाई बोटांची ताकद व पायांचा तोल यांची कसोटी पाहते, कारण खडकावरील पकडी बहुधा बारीक असतात. सुरक्षेसाठी खडकात कायमचे बोल्ट बसवलेले आहेत. ‘ला रांब्ला’ हा अत्यंत अवघड (९ए+ श्रेणीचा) मार्ग २००३ मध्ये रामोन हुलिआनने प्रथम पूर्ण केला. २०१७ मध्ये तो चढून मार्गो हेज या श्रेणीचा मार्ग सर करणारी पहिली स्त्री ठरली. अलेक्झांडर मेगोसने २०१३ मध्ये ‘एस्तादो क्रितिको’ (९ए) हा मार्ग पूर्वतयारीविना पहिल्याच प्रयत्नात सर केला. त्या श्रेणीत असे प्रथमच घडले.

सह्याद्रीच्या बेसाल्टवर तयार झालेल्या आरोहकाला येथे पकडींची सवय नव्याने करावी लागते. शरद ते वसंत हा काळ योग्य. उन्हाळ्यात सावलीतले कडेच निवडावेत. गाव लहान आहे, तेथील शांतता पाहुण्यांनी जपावी.