न दिसणाऱ्या रक्ताचा माग

धुळे-जळगावच्या रस्त्यांवर मूळव्याध आणि भगंदराच्या औषधांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर रंगवलेल्या असतात. संडासवाटे रक्त पडलं की माणूस आधी मूळव्याधच धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ती असतेही. तिखट बंद, ताक सुरू, कुणी सांगितलेली पुडी, यात सहा महिने सहज जातात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर या सहा महिन्यांच्या आडोशाला वाढतो. मात्र जी तपासणी हा कॅन्सर होण्याआधीच रोखते, ती दिसणाऱ्या रक्तासाठी थांबतच नाही. डोळ्यांना दिसत नाही अशा रक्तापासून तिची कुळकथा सुरू होते.

वेस्ट इंडीज बेटांवर ग्वायकम नावाचं झाड आहे. त्याचा डिंक सोळाव्या शतकात युरोपात गेला तो गरमीवरचं औषध म्हणून. औषध म्हणून तो निरुपयोगी ठरला, पण त्याच्यात एक वेगळाच गुण निघाला. रक्ताचा अंश असलेल्या पदार्थावर हा डिंक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की निळा रंग उमटतो. १८६०च्या दशकात डच वैज्ञानिक व्हान डीन यांनी रक्त ओळखण्यासाठी त्याचा वापर केला. पुढे १९०१ मध्ये बर्लिनचे डॉक्टर इस्मार बोआस यांनी दाखवून दिलं की पोटाच्या कॅन्सरमध्ये शौच नेहमीसारखं दिसत असतानाही त्यात रक्त असू शकतं. ज्या माणसाने हे दडलेलं रक्त वैद्यकाला दाखवलं, त्याला ज्यू म्हणून जर्मनी सोडून व्हिएन्नाला जावं लागलं. नाझी फौजा व्हिएन्नात शिरल्या तेव्हा, १९३८ मध्ये, तिथेच त्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

तरीही तोवर ही आजाऱ्याची तपासणी होती. धडधाकट माणसाकडे ती वळवली अमेरिकेतल्या ओहायोच्या डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी, १९६७ मध्ये. डिंक लावलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांनी कसलीही तक्रार नसलेल्या लोकांना घरी दिल्या: तीन दिवस थोडा नमुना लावा आणि पट्ट्या परत आणा. माझ्या लेखी या कुळकथेतलं सर्वांत मोठं पाऊल हेच. पथ्य मात्र होतं. मांसातल्या रक्तानेही पट्टी निळी होते, मुळ्यानेही होऊ शकते. म्हणजे तेवढे दिवस मटण बंद, मुळा बंद. आजची ‘फिट’ नावाची चाचणी फक्त माणसाच्या रक्तातलं प्रथिन ओळखते, त्यामुळे हे पथ्य उरलेलं नाही. जपानने १९९२ पासून ती देशभर वापरायला घेतली.

पट्टीचा उपयोग होतो का, हे कळायला बरीच वर्षं गेली. मिनेसोटात ४६ हजारांहून अधिक लोकांवर अभ्यास झाला. त्याचा निकाल १९९३ मध्ये आला: दरवर्षी तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होते.

पण रक्त सापडलं म्हणजे कॅन्सर टळला असं नाही. टाळण्याचं काम दुसऱ्या घराण्याने केलं, आणि त्याच्या मुळाशी आपला एक माणूस आहे. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून, ती वाकवली तरी, चित्र पलीकडे नेता येतं हे १९५४ मध्ये सिद्ध केलं. तीनच वर्षांत बेसिल हर्शोविट्झ यांनी तशी लवचीक दुर्बिणीची नळी बनवली आणि रुग्णाला देण्याआधी स्वतः गिळून पाहिली. मोठं आतडं सुमारे दीड मीटरचं, वळणावळणांचं. तिथे पोचायला आणखी काही वर्षं लागली. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी या दुर्बिणीतून तारेचा फास आत सोडला, आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठीच्या, म्हणजे पॉलिपच्या, देठाभोवती आवळला आणि विजेच्या प्रवाहाने तो कापून काढला. पोट उघडावं लागलं नाही.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट ड्यूक्स आणि मॉर्सन यांचं आधीपासून म्हणणं होतं की हा कॅन्सर बहुधा अशा पॉलिपमधूनच निपजतो. त्याला साधारण दहा वर्षं लागतात. स्तनाच्या तपासणीत मुख्यतः झालेला कॅन्सर लवकर सापडतो. इथे होऊ घातलेला कॅन्सर त्याच बैठकीत काढून टाकता येतो. पॉलिप काढलेल्यांवर अमेरिकेत लक्ष ठेवलं, तेव्हा अपेक्षेच्या एक चतुर्थांशाहून कमी जणांना कॅन्सर झाला.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी. म्हणून तिशीपुढच्या लोकांसाठीच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठं आतडं नाही. सर्वांना सरसकट दुर्बीण घालणं आपल्याला आज परवडणारं नाही, हे मला मान्य आहे. पण खेड्यातली माणसं तपासणीला येत नाहीत, हे मात्र मान्य नाही. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणी दाराशी गेली, की गावही पुढे येतं. आशाताईंच्या हातात फिटची डबी देणं त्याहून अवघड नाही. पुढची दुर्बीण मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी हवी. धुळ्यात १९८८ पासून आणि जळगावात २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. केवळ एका तपासणीसाठी भुसावळहून रात्रीची गाडी धरून परळचं टाटा रुग्णालय गाठायची वेळ कुणावर येऊ नये.

तोवर ज्यांना थांबून चालणार नाही, त्यांनी थांबू नये. चाळिशीनंतर संडासवाटे रक्त पडलं, महिनाभर शौचाची तऱ्हा बदलली, किंवा कारण नसताना रक्त कमी झालं, तर हा धडधाकटांच्या चाळणी तपासणीचा विषय राहत नाही, ते निदानच करून घ्यायला हवं. आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर कित्येकदा फक्त थकवा देतो. सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल आहे, बायकांना लोहाच्या गोळ्या नेहमीच्या आहेत. त्यामुळे रक्त कमी असणं कुणाला खटकत नाही. शिवाय लोहाने शौच काळं होतं आणि त्यात रक्ताचा काळेपणाही लपतो. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन घसरलं असेल, तर गोळ्या लिहून देताना रक्त जातंय कुठे हे विचारायलाच हवं.

आणि ज्यांच्या घरात हा आजार झाला आहे, त्यांनी लक्षणाची वाट पाहू नये. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीत, किंवा घरच्या रुग्णाला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीने तपासून घ्यायचं असतं. वडिलांना ४८व्या वर्षी झाला असेल, तर मुलामुलींची पहिली तपासणी ३८व्या वर्षी. आदल्या दिवशी हलकं खायचं, मग पोट साफ करणारं औषध प्यायचं, संध्याकाळभर संडासच्या फेऱ्या. दुसऱ्या दिवशी गुंगीत अर्धा-पाऊण तास, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी.