इतिहासाचे पुस्तक आणि युरोपचे ऐक्य

राष्ट्राराष्ट्रांतील वैराचा निकाल रणांगणावर लागत असला, तरी त्याची मशागत पुष्कळदा शाळेच्या वर्गात होते. १८७१ साली आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीने घेतला. पुढे फ्रेंच शाळांतील नकाशांवर तो प्रदेश वेगळ्या गडद रंगात दाखवीत. तो रंग पाहत वाढलेली मुले १९१४ साली खंदकांत उतरली.

हे विष पाठ्यपुस्तकांतून काढले पाहिजे, ही जाणीव दोन्हीकडील इतिहासशिक्षकांस लवकरच झाली होती. १९३५ साली उभय देशांच्या इतिहासकारांनी पॅरिस येथे एकत्र बसून वादग्रस्त मुद्द्यांवर मतैक्य साधण्याचा प्रयत्न केला. पण हिटलरच्या राजवटीत त्याला फळ येणे शक्य नव्हते. महायुद्ध संपल्यावर ब्राउनश्वाइगचे प्राध्यापक गेऑर्ग एकर्ट यांनी हेच काम पुन्हा हाती घेतले. १९५१ साली त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या सुधारणेसाठी संस्था स्थापिली आणि कालपर्यंतच्या शत्रूंनी परस्परांची क्रमिक पुस्तके वाचून दोष दाखविण्यास आरंभ केला.

१९५३ साली लक्झेंबर्ग येथे पहिली युरोपीय शाळा निघाली. तिथे प्रत्येक मुलाचे शिक्षण मातृभाषेतून सुरू होई. वरच्या वर्गांत मात्र इतिहास आणि भूगोल हे विषय दुसऱ्या भाषेतून शिकविण्याचा परिपाठ पडला. मातृभाषा न सोडता शेजाऱ्याच्या भाषेत भूतकाळ वाचावा, ही त्यातील मर्माची गोष्ट होय.

पुढे २००३ साली फ्रेंच व जर्मन तरुणांच्या सभेने दोन्ही देशांसाठी एकच इतिहासग्रंथ असावा अशी मागणी केली. २००६ साली त्याचा पहिला भाग दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. तो सर्व शाळांत रुजला असे नाही. पण त्याची एक रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. अमेरिकेविषयी वा साम्यवादाविषयी दोन्ही देशांची दृष्टी जिथे भिन्न होती, तिथे लेखकांनी तो भेद झाकला नाही. दोन्ही दृष्टी विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या.

युरोपच्या एकत्वाची केवळ स्तोत्रे शिकवून ते एकत्व निर्माण होईल, असे आम्ही मानीत नाही. हुकमाने लादलेली आपुलकी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे टिकत नाही. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यास दिलेले दुःख ज्याने त्याच्याच शब्दांत वाचले, त्याच्याच मनात शेजाऱ्याला जागा होते. दोन भाषांच्या सीमेवर वर्ग घेणाऱ्या आम्हां शिक्षकांस याहून निराळा धडा शोधण्याचे कारण नाही.