पुण्याच्या पेठांचें बदलतें रूप

शहराचा इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजवाडे हेच बहुधा डोळ्यांपुढें येतात. परंतु ज्या आळींतून माणसें रोज ये-जा करितात, तिलाहि स्वतःचा इतिहास असतो. आणि तो बखरींपेक्षां नांवांतच अधिक टिकून राहिलेला आढळतो. पुण्याच्या सदाशिव पेठेंत पेरूगेट विचारीत जाणाऱ्यास पेरूची बाग आढळावयाची नाहीं. तुळशीबागेंत तुळशीपेक्षां बांगड्या, भांडीं व खेळणीं अधिक. रमणबाग, नातूबाग, हिराबाग हीं नांवें घेतलीं म्हणजे आज कोणाच्या मनांत शाळा येते, तर कोणाच्या मनांत गणपति-उत्सवाचा मांडव. बागा गेल्या, त्यांचीं नांवें मात्र राहिलीं.

पुण्याची मूळ वस्ती कसब्याची. तिच्याभोंवतीं वारांच्या नांवांच्या पेठा क्रमाक्रमानें वसत गेल्या. त्यांतील कांहीं पेशव्यांच्या आधींच्या असून त्यांचीं पूर्वीचीं नांवें निराळीं होतीं. गुरुवार पेठ ही वेताळ पेठ म्हणून ओळखली जात असे. इ. स. १७३० च्या जानेवारींत पहिल्या बाजीरावानें शनिवारवाड्याचा पाया घातला व १७३२ सालीं त्याची वास्तुशांति झाली. राज्याचा कारभार येथें स्थिरावल्यावर सरदार, कारकून, सावकार, तांबट, कासार, शिंपी, बुरूड असे नाना धंद्यांचे लोक पुण्यांत आले. नव्या पेठेस शेटे नेमावा आणि वसाहत करणाऱ्यांस कांहीं वर्षें करांत सूट द्यावी, अशी तेव्हांची रीत होती. सदाशिव पेठेस १७६१ सालीं पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें, नारायण पेठेस १७७३ सालीं मारल्या गेलेल्या नारायणरावांचें आणि नाना पेठेस नाना फडणिसांचें नांव मिळालें.

या पेठांतील वाडा म्हणजे रस्त्याकडे पाठ फिरवून आंतल्या चौकाकडे तोंड करून बसलेलें घर होय. जोतें घडीव दगडाचें, सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा, वरच्या भिंती विटांच्या अथवा मातीच्या. दिंडी दरवाजांतून आंत गेलें कीं देवडी, मग चौक, चौकांत तुळशीवृंदावन, भोंवतीं ओसरी आणि आंत माजघर. उजेड व वारा हीं दोन्हीं चौकांतूनच मिळत. म्हणून रस्त्यावरील भिंतीस खिडक्या थोड्या.

पाण्याची सोयहि विचारपूर्वक केलेली होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावापासून गांवांत बंदिस्त दगडी नळ आणला गेला. केवळ उतारानें वाहणारें हें पाणी मधल्या उच्छ्वासांतून निवळत निवळत शहरांतील हौदांपर्यंत पोंचे. या हौदांवर पेठेच्या वार्ता कळत, ओळखी होत आणि भांडणेंहि होत. पण हौद सर्वांचे नव्हते, हेंहि विसरतां कामा नये. अस्पृश्य मानलेल्या लोकांस तेथें मज्जाव होता. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला. जुन्या पेठांचें गुणगान करितांना ही गोष्ट बाजूस सारली तर तो इतिहास राहत नाहीं.

पेशवाई गेल्यावर शहराचें रूप पालटूं लागलें. १८२८ सालीं शनिवारवाड्यास आग लागली व आंतील लांकडी इमारती भस्मसात् झाल्या. १८७९ सालीं बुधवारवाडाहि जळाला. शनिवारवाड्यापुढील पटांगणांत भरणारी भाजीमंडई १८८६ सालीं बांधलेल्या नव्या इमारतींत गेली. तीच आजची महात्मा फुले मंडई. १८९७ च्या प्लेगांत घरें ओस पडलीं आणि लोक गांवाबाहेर झोपड्या घालून राहिले. दाट वस्तींतील अंधाऱ्या खोल्यांची भीति तेव्हांपासून मनांत बसली, आणि पुढील काळांत ज्यांस ऐपत होती ते नदीपलीकडे बंगले बांधूं लागले. मागाहून शहरांतील प्रमुख रस्ते रुंद करितांना कित्येक वाड्यांचे दर्शनी भाग कापले गेले, व जेथें देवडी होती तेथें दुकानें आलीं.

सर्वांत मोठा घाव १२ जुलै १९६१ रोजीं बसला. बांधकाम चालू असलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि फोडलें आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. दगडी जोतीं तग धरून राहिलीं. पण मातीच्या भिंती भिजून ढासळल्या आणि वर्षानुवर्षांचे संसार एका दिवसांत उघड्यावर आले. पूरग्रस्तांसाठीं शहराबाहेर नव्या वसाहती झाल्या. जे तिकडे गेले त्यांना पक्कें घर मिळालें, परंतु पिढ्यान्पिढ्यांचा शेजार सुटला.

पुरांतून वांचलेले वाडे मात्र पाण्यानें नव्हे, हिशेबानें पडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. त्या टंचाईच्या काळांत भाडेकरूंस त्याचा मोठा आधार झाला. पण पुढें महागाई वाढत गेली, आणि महिन्याच्या भाड्यांतून एक कौलहि बदलतां येईना. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें. अखेर वाडा विकसकाच्या हातीं जाऊन त्या जागीं चार मजली इमारत उभी राही. तिच्यांत प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र नळ व स्वतंत्र शौचकूप मिळालें. चाळीस माणसांत एका संडासाच्या रांगेंत ज्यांनीं आयुष्य काढलें, त्यांस हें सुख लहान नव्हे. मात्र चौक गेला. आणि चौकाबरोबर एकाच्या घरचें कार्य सर्वांचें होण्याची जागाहि गेली.

बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा उघडली. मोडकळीस आलेला हा वाडा दीर्घकाळ चाललेल्या वादानंतर डिसेंबर २०२३ मध्यें स्मारकासाठीं पाडण्यांत आला. सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या खालून मेट्रो धांवूं लागली आहे. शहर जिवंत आहे तोंवर तें बदलणारच, आणि प्रत्येक वाडा राखणें कोणास शक्यहि नाहीं. परंतु पाडण्यापूर्वीं त्याचा नकाशा काढणें, चौकाचीं मापें व छायाचित्रें घेणें, आणि तेथें वाढलेल्या वृद्धांकडून कोण कोठें राहत असे, पाणी कोठून येत असे, कोणास आंत येऊं देत नसत, हें लिहून घेणें शक्य आहे. हें काम सरकारची वाट न पाहतां प्रत्येक घरानें करावें. वाडा एका आठवड्यांत जमीनदोस्त होतो. त्याची माहिती असलेलीं माणसेंहि फार दिवस पुरत नाहींत.